क्लाउडवरचं ॲप: उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे

अनवट (धागाकर्ता)

क्लाउडवर ॲप लिहिणाऱ्यांच्या गप्पा बहुतेक वेळा सेवांच्या नावांवरून सुरू होतात आणि तिथंच संपतात. कुठला प्रोव्हायडर घ्यावा, सर्व्हरलेस (सर्व्हर न सांभाळता नुसता कोड चालवणं) बरं की कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत), डेटाबेस कोणता. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण बरीच वर्षं मोबाइल ॲप आणि त्यामागचा बॅकएंड अशा दोन्ही बाजूंना काम केल्यावर माझं ठाम मत झालंय, की आपला खरा वेळ खाते ती या दोहोंच्या मधली जागा. त्यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. ॲमेझॉननं २००६ च्या मार्चमध्ये एस३ (फाइल साठवण्याची सेवा) आणि ऑगस्टमध्ये ईसी२ची (भाड्याचे सर्व्हर) बीटा आवृत्ती लोकांसाठी खुली केली. २००८ मध्ये गूगल ॲप इंजिन आलं, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं अझ्युर, २०१३ मध्ये कंटेनर बनवणारं डॉकर, २०१४ मध्ये अनेक कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस आणि ॲमेझॉनची सर्व्हरलेस सेवा लॅम्डा. प्रत्येक टप्प्यावर आपल्या डोक्यावरचं एकेक ओझं उतरत गेलं. आधी यंत्र विकत घेण्याचं, मग ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळण्याचं, आणि शेवटी तर सर्व्हर नावाची वस्तूच नजरेआड झाली. एक ओझं मात्र कुणीच उचललं नाही, कुणाला उचलता येणारही नाही. फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये नेटवर्क आहे आणि ते मध्येच तुटतं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास अनेक यंत्रांवर पसरलेल्या प्रणालींबद्दलच्या चुकीच्या गृहीतकांची यादी केली होती. 'नेटवर्क भरवशाचं असतं' हे तिच्यातलं पहिलंच गृहीतक. तीस वर्षं उलटून गेली, ते अजून पहिल्या क्रमांकावरच राहावं इतकं चुकीचं आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. ॲपमध्ये 'अर्ज पाठवा' असं बटण आहे. वापरणाऱ्यानं ते दाबलं. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, डेटाबेसमध्ये नोंद झाली, सर्व्हरनं २०१ (म्हणजे 'नोंद झाली') असं उत्तर पाठवलं. नेमक्या त्याच वेळी माणूस इमारतीबाहेर पडला, फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला आणि जुनं टीसीपी कनेक्शन तिथंच मेलं. उत्तर वाटेतच हरवलं. ॲप दहा सेकंद थांबलं, टाइमआउट झाला, 'काहीतरी बिघडलं, पुन्हा प्रयत्न करा' असा लाल पट्टा आला. माणसानं पुन्हा बटण दाबलं. आता डेटाबेसमध्ये दोन अर्ज आहेत. सर्व्हरचे लॉग उघडा, कुठंही एरर दिसणार नाही. सर्व्हरच्या हिशेबात दोन्ही विनंत्या यशस्वी, ॲपच्या हिशेबात एक फसलेली आणि एक यशस्वी. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत आणि तरीही अर्ज दोन आहेत. अर्जाऐवजी तिथं पैशाचा व्यवहार असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

फंक्शन कॉल करायची सवय असलेल्या आपल्या डोक्याला दोनच निकाल माहीत असतात, झालं किंवा नाही झालं. नेटवर्कवर तिसरा निकाल असतो, माहीत नाही. टाइमआउट म्हणजे 'माहीत नाही'. पण बहुतेक ॲपचा कोड टाइमआउटला 'नाही झालं' समजून पुढे जातो. माझ्या मते क्लाउडवरच्या ॲपमधले निम्मे अवघड बग या एका गल्लतीतून जन्मतात.

यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे, तरीही तो अर्धवट केलेला फार ठिकाणी दिसतो, म्हणून जरा खोलात जातो. प्रत्येक कामाला ॲपनंच एक आयडी द्यायचा. यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी जवळपास कधीच न जुळणारा क्रमांक) पुरतो. तो विनंतीबरोबर हेडरमध्ये पाठवायचा. सर्व्हरनं तो आयडी आधी पाहिला असेल तर काम पुन्हा न करता मागच्या वेळचंच उत्तर परत द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. ऐकायला एवढंच आहे, गोम पुढं आहे.

आयडी नेमका कुठं तयार होतो, ते आधी पाहा. विनंती पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत तो तयार होत असेल तर दुसऱ्या प्रयत्नाला नवा आयडी मिळतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. हे कोड रिव्ह्यूमध्ये सहज नजरेतून सुटतं, कारण कोड दिसायला अगदी नीटनेटका असतो. आयडी जन्माला यायला हवा तो माणसाच्या इच्छेबरोबर, म्हणजे फॉर्म उघडताना किंवा बटण पहिल्यांदा दाबताना. आणि विनंती पाठवण्याआधी तो फोनच्या स्टोरेजमध्ये लिहिलेला असायला हवा, नुसता मेमरीत नव्हे. अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲपची प्रोसेस मेमरी कमी पडली की बंद करतं. माणूस परत येतो तेव्हा स्क्रीन तशीच दिसते, पण मेमरीतला आयडी गेलेला असतो.

सर्व्हरच्या बाजूला, 'आयडी आहे का बघ, नसेल तर नोंद कर' असं दोन पायऱ्यांत लिहू नका. एकाच आयडीच्या दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघी नोंद करतात. आयडीच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा येऊ न देणारा नियम) लावा आणि तो आयडी लिहिणं व खरं काम करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. मग निवाडा डेटाबेस करतो, आणि असला निवाडा त्याच्यासारखा दुसरं कुणी करू शकत नाही.

एवढं झालं की रिट्राय करायला आपण मोकळे. तोही बेतानं. सर्व्हर काही सेकंद अडखळला आणि हजारो फोननी बरोबर दोन सेकंदांनी एकदम पुन्हा विचारलं, तर उठू पाहणारा सर्व्हर पुन्हा झोपतो. दर प्रयत्नाला थांबण्याचा वेळ दुप्पट करत जायचं आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळायचा, म्हणजे गर्दी विखुरते. आणि रिट्राय एकाच थरात ठेवा. ॲप तीनदा प्रयत्न करतं, गेटवे (विनंत्या आत सोडणारं दार) तीनदा करतो, आतली सेवा डेटाबेसकडे तीनदा जाते, असं असलं तर एका बटणामागे डेटाबेसवर २७ हल्ले होतात, तेही तो आधीच आजारी असताना.

तुमचे अनुभव लिहा. मी बघत असतो.

पायथा

अगदी मनातलं लिहिलंत. फक्त एक भर घालते. हा प्रश्न फोन आणि सर्व्हरमधला आहे असं वाटून लोक आतल्या बाजूला बेसावध राहतात. क्लाउडच्या आतसुद्धा हेच आहे. ॲमेझॉनची एसक्यूएस ही संदेशांच्या रांगेची सेवा घ्या. साध्या रांगेत संदेश 'निदान एकदा' पोचवण्याची हमी असते, 'एकदाच' पोचवण्याची नाही. वर्करनं (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोग्रॅमनं) संदेश उचलला की तो ठरावीक वेळ इतरांपासून लपतो. मूळ सेटिंग ३० सेकंदांचं असतं. तुमचं काम ४० सेकंद चाललं तर संदेश पुन्हा रांगेत दिसू लागतो आणि दुसरा वर्कर तेच काम हातात घेतो. पहिला अजून जिवंत असतो. टेस्ट करताना काम दोन सेकंदांत होतं म्हणून हे कधी दिसत नाही, मोठी फाइल आली की दिसतं.

म्हणून वर्कर लिहितानाच गृहीत धरायचं, की हा संदेश मला पुन्हा मिळणार आहे. ईमेल पाठवणं वगैरे परत न घेता येणारी कामं असतील तर ती आधी डेटाबेसमध्ये 'पाठवायचंय' अशी नोंदवायची आणि मग पाठवायची. तरीही एखादी ईमेल दोनदा जाऊ शकते. ती एकदाही न जाण्यापेक्षा ते परवडतं की नाही, हा निर्णय प्रोग्रॅमरनं एकट्यानं घेऊ नये, उत्पादन सांभाळणाऱ्यांना विचारावा.

वाटसरू

उत्तम धागा. मी शेवटच्या वर्षाला आहे, विषय आवडतो म्हणून ॲप बनवून बघतोय. थोडा वेगळा प्रश्न विचारू का? नोकरीच्या जाहिरातींमध्ये सगळीकडे कुबरनेटिस दिसतं. मी त्यापासूनच सुरुवात करावी का? सर्टिफिकेट करावं का?

मितभाषी

वाटसरू, कुबरनेटिसपासून नको. आधी एक साधा लिनक्स सर्व्हर भाड्यानं घ्या, त्यावर हातानं ॲप चढवा. प्रोसेस, पोर्ट, फाइल परवानग्या, डीएनएस, टीएलएस सर्टिफिकेट. मग एसक्यूएल आणि ट्रान्झॅक्शन. मग डॉकर. त्यानंतर कुबरनेटिस समजायला वेळ लागत नाही, कारण ते काय सोडवतंय हे कळलेलं असतं.

पायथा

मितभाषींशी सहमत. वाटसरू, त्याबरोबर 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' हा मजकूर वाच. हेरोकू या क्लाउड सेवेच्या लोकांनी २०११ च्या सुमारास लिहिलेला आहे, छोटा आहे, फुकट आहे. कॉन्फिगरेशन कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा, प्रोसेसमध्ये काही साठवून ठेवू नका, लॉग म्हणजे एक वाहता प्रवाह समजा, असे बारा मुद्दे आहेत. त्यातला 'प्रोसेसमध्ये काही साठवू नका' हा एक मुद्दा नीट मुरला तरी क्लाउडवर बरंच काही सोपं होतं. वापरणाऱ्यानं चढवलेला फोटो सर्व्हरच्या डिस्कवर ठेवला आणि पुढच्या डिप्लॉयला (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) तो कंटेनरबरोबर नाहीसा झाला, हे सुरुवातीला जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत असं, की अभ्यासाला चौकट मिळते म्हणून करायला हरकत नाही. पण चालू असलेलं, चार माणसं वापरत असलेलं एक ॲप मुलाखतीत जास्त बोलतं.

खोलपाणी

मी डेटाबेस बघतो, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे उशिरा येतात आणि पेटून येतात. अनवट यांनी नेटवर्कबद्दल लिहिलं, मी कनेक्शनबद्दल लिहितो.

एका ठिकाणचा प्रसंग. बॅकएंड लॅम्डावर, डेटाबेस पोस्टग्रेस. महिनोन्‌महिने सुरळीत. एके दिवशी ॲपमधून सगळ्यांना एकदम नोटिफिकेशन गेलं, लोकांनी ते दाबलं, ॲप उघडलं, आणि मिनिटाभरात निम्म्या स्क्रीन रिकाम्या. डॅशबोर्डवर डेटाबेसचा सीपीयू जेमतेम चढलेला, मेमरी पुरेशी, डिस्क शांत. टीमनं लॅम्डाची मेमरी वाढवली. फरक शून्य. शेवटी लॉगमध्ये ती ओळ सापडली: आता आणखी क्लायंट घेता येत नाहीत.

कारण सरळ आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. मूळ सेटिंगमध्ये १०० कनेक्शनची मर्यादा असते, आणि ती हवी तितकी वाढवून भागत नाही, कारण प्रत्येक प्रोसेस मेमरी घेते. दुसऱ्या बाजूला लॅम्डा एका वेळी एका विनंतीसाठी एक इन्स्टन्स (कोडची चालती प्रत) उभा करतं. हजार विनंत्या एकदम आल्या तर एका अकाउंटला एका रीजनमध्ये (प्रोव्हायडरच्या एका भौगोलिक विभागात) साधारणपणे हजारापर्यंत इन्स्टन्स एका वेळी चालू शकतात. प्रत्येक इन्स्टन्स आपलं कनेक्शन उघडतो. कोडमध्ये कनेक्शन पूल (उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) होता, पण तो एका इन्स्टन्सपुरता. प्रत्येक पूलमध्ये पाच कनेक्शन ठेवली असतील तर वीस इन्स्टन्स होताच दार बंद. वर अनवट म्हणाले तसे ॲपचे रिट्राय सुरू झाले, तेही जागच्या जागी, न थांबता.

सुटका झाली ती मध्ये पीजीबाउन्सर बसवून. तो शेकडो क्लायंटना आपल्याशी जोडू देतो आणि मागे डेटाबेसशी मोजकीच कनेक्शन वाटून वापरतो. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन दुसऱ्याला देता येतं त्या पद्धतीत, सेशनला चिकटलेल्या गोष्टी, म्हणजे सेशनचे ॲडव्हायझरी लॉक किंवा नुसतं सेट करून ठेवलेलं सेटिंग, भरवशाच्या राहत नाहीत. म्हणून कोड एकदा तपासून घ्यावा लागला. लॅम्डाच्या इन्स्टन्सवर कमाल मर्यादाही लावली. काही विनंत्यांना 'थोड्या वेळानं या' असं लगेच सांगणं, हे सगळ्यांना तीस सेकंद लटकवून मग नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी बरं.

मला यातून एवढंच म्हणायचंय, की आपोआप वाढणारी गोष्ट न वाढणाऱ्या गोष्टीला जोडली असेल, तर तो सांधा आधी शोधा. 'स्केल होतं' हे वाक्य पूर्ण साखळीबद्दल आहे की एकाच कडीबद्दल, हे विचारल्याशिवाय सोडू नका.

निळीशाई

खोलपाणी, फार सुरेख लिहिलंत. डेटाबेसचा सीपीयू शांत असताना ॲप बंद, हे दृश्य ओळखीचं आहे.

बिलाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी फक्त ॲप लिहिते, बॅकएंडला गूगलचं तयार फायरबेस. त्यातल्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये वाचण्याचं शुल्क मुख्यतः डेटाच्या आकारमानावर नाही, वाचलेल्या डॉक्युमेंटच्या (एकेका नोंदीच्या) संख्येवर पडतं. ही गोष्ट किमतीच्या पानावर वाचून समजते, अंगवळणी मात्र उशिरा पडते. एका ॲपमध्ये चॅटच्या यादीची स्क्रीन होती. तिच्यात पूर्ण कलेक्शनवर (सगळ्या डॉक्युमेंटच्या गठ्ठ्यावर) लिसनर, म्हणजे बदल झाला की कळवणारा कोड, लावलेला. सुरुवातीला कलेक्शनमध्ये मोजकी डॉक्युमेंट होती. ती वाढत गेली, स्क्रीन तीच राहिली. प्रत्येक वेळी स्क्रीन उघडली की सगळी यादी नव्यानं वाचली जाई, आणि माणसं ती स्क्रीन दिवसभर उघडबंद करतात. कोड एका अक्षरानंही बदललेला नव्हता, वापरणारेही तेवढेच होते, तरी बिल चढत होतं. क्वेरीला मर्यादा घातली, पुढची पानं मागेल तेव्हाच आणली, न वाचलेल्या संदेशांची संख्या वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये मोजून ठेवली. बिल खाली आलं आणि स्क्रीनही झटकन उघडू लागली.

दुसरं, बजेट अलर्ट म्हणजे कुलूप नव्हे. मर्यादा ओलांडली की मेल येते, सेवा थांबत नाही. थांबवायची असेल तर त्यासाठी वेगळी व्यवस्था आपणच लिहावी लागते, आणि बिल होणं व ते आकडे दिसणं यात काही तासांचा उशीर असतो. शिकाऊ प्रोजेक्टसाठी अकाउंट उघडणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावं. वाटसरू, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

तिसरं, लॉग. प्रत्येक विनंतीचा पूर्ण मजकूर लॉगमध्ये ओतायची सवय महागात पडते, आणि त्यात लोकांची खासगी माहितीही सांडते. लॉगला मुदत लावा.

वाटसरू

निळीशाई, आभारी आहे. आजच अकाउंट बघतो. मितभाषी आणि पायथा, तुमचेही आभार.

दूरचादिवा

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ गृहीतकालाच प्रश्न विचारतो. हे सगळं करून क्लाउड हवंच कशाला? ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि स्वतःचे सर्व्हर घेतले. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं २०२३ मध्ये लिहिलं होतं, की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची व्यवस्था सर्व्हरलेस तुकड्यांमधून काढून एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. स्थिर, अंदाज बांधता येण्याजोगा वापर असेल तर भाड्यानं राहण्यापेक्षा स्वतःचं बरं. लोक फॅशन म्हणून क्लाउडवर जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलपाणी

दूरचादिवा, प्राइम व्हिडिओचं उदाहरण क्लाउड सोडण्याचं नाही. ते ॲमेझॉनच्याच ईसी२ आणि ईसीएस (कंटेनर चालवण्याची सेवा) वर राहिले. आधी व्हिडिओच्या फ्रेम एस३ मधून इकडून तिकडे नेल्या जात होत्या, ती ने-आण त्यांनी एका प्रोसेसच्या मेमरीत आणली. त्यामुळे ते उदाहरण रचनेबद्दल बोलतं. ३७सिग्नल्सचं मात्र तुमच्या बाजूचं आहे, आणि त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं आधीपासून होती हेही त्यात धरावं.

स्वतःचे सर्व्हर घ्या, जरूर घ्या. पण मग रात्री डिस्क गेली तर उठणारं कोण, बॅकअप दुसऱ्या जागी आहे का, आणि तो उतरवून पाहिलाय का, याची उत्तरं नावानिशी तयार ठेवा. क्लाउडवाल्यांनीही ठेवावीत. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा गेला. प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅबचा जानेवारी २०१७ चा प्रसंगही वाचण्यासारखा आहे. थकलेल्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, आणि बॅकअपच्या अनेक पद्धती असून ऐनवेळी त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगानं घेतलेली एक प्रत होती, तिनं तारलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, सावरण्याचं काम चालू असताना लोकांना थेट पाहूही दिलं. मला त्यांच्याबद्दल त्यामुळे आदरच वाटला.

दूरचादिवा

प्राइम व्हिडिओबद्दलची दुरुस्ती मान्य. वापर स्थिर असेल तर स्वतःचं बरं, हा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

मितभाषी

त्या मुद्द्याशी सहमत.

अनवट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. खोलपाणी यांचा प्रतिसाद तर वेगळा धागा व्हावा इतका मोलाचा आहे.

एक विषय सुटलाय, तो ॲप लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक आहे. सर्व्हरवरचा कोड आपण हवा तेव्हा बदलतो, नाही जमलं तर पाच मिनिटांत मागे घेतो. फोनवर गेलेलं ॲप परत बोलावता येत नाही. लोक अपडेट करत नाहीत. फोनमध्ये जागा नसते, अपडेट बंद ठेवलेलं असतं, फोन जुना असतो. म्हणजे आज डिप्लॉय केलेला बॅकएंड दोन वर्षांपूर्वीच्या ॲपशीही बोलणार आहे. ते ॲप बनवणाऱ्या टीममधली माणसंही कदाचित बदललेली असतील.

म्हणून एपीआयमध्ये (ॲप आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या रचनेत बोलतात तिच्यात) नवं फील्ड वाढवायचं, जुन्याचं नाव बदलायचं नाही, आणि त्याचा अर्थ तर कधीच बदलायचा नाही. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ठरावीक किमतींचं (म्हणजे व्हॅल्यूंचं) फील्ड, ज्याला आपण एनम करतो. समजा 'स्थिती' या फील्डमध्ये 'प्रलंबित', 'मंजूर', 'नामंजूर' एवढंच येत होतं. सर्व्हरवाल्यांनी 'अंशतः मंजूर' ही चौथी किंमत सुरू केली. त्यांच्या दृष्टीनं ही निव्वळ भर, काहीच मोडलेलं नाही. जुन्या ॲपचा पार्सर (सर्व्हरचं उत्तर वाचणारा कोड) मात्र अनोळखी किंमत दिसताच एक्सेप्शन फेकतो आणि ती स्क्रीन उघडताच ॲप बंद पडतं. डेटा सर्व्हरवर असल्यामुळे माणसानं ॲप कितीही वेळा उघडलं तरी तेच. यावर सर्व्हरमध्ये इलाज करता येतो, पण आधीच करायचा तो ॲपमध्ये. पहिल्या आवृत्तीपासून प्रत्येक एनममध्ये 'अनोळखी' ही एक किंमत ठेवायची आणि ती आल्यावर स्क्रीननं काय दाखवायचं हे डिझाइनमध्येच ठरवून घ्यायचं.

आणि पहिल्याच आवृत्तीत 'ही आवृत्ती आता चालणार नाही, अपडेट करा' असं सांगणारी स्क्रीन असू द्या. ती वापरायची वेळ क्वचित येते. आली की मात्र दुसरा मार्ग नसतो, कारण ती नंतर घालता येत नाही. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्यानं सोडा. ॲपलच्या टप्प्यांच्या पद्धतीत पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी सगळ्यांना, असा आपोआप होणाऱ्या अपडेटचा क्रम असतो. प्ले स्टोअरवर टक्केवारी आपण ठरवतो. दोन्हीकडे मध्येच थांबवता येतं. थांबवता येतं, मागे घेता येत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

पायथा

'अनोळखी' किंमतीचा मुद्दा आमच्या टीमच्या यादीत आजच टाकते. यात एक जोडते, रीजनचं अंतर. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. सर्व्हर ६,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला निदान ६० मिलिसेकंद, त्याहून कमी कुठल्याही प्रोव्हायडरकडे शक्य नाही. नवं कनेक्शन असेल तर टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ ची (कनेक्शन सुरक्षित करण्याची) एक आणि खऱ्या विनंतीची एक, म्हणजे १८० मिलिसेकंद आधीच गेले. एका स्क्रीनसाठी एकामागून एक पाच विनंत्या असतील तर हिशेब तुम्हीच करा. बऱ्याचदा महागडं इन्स्टन्स घेण्यापेक्षा त्या पाचांची एक विनंती करणं जास्त उपयोगी पडतं.

निळीशाई

अनवट, तुमच्या मूळ लेखातल्या आयडीबद्दल एक शंका आहे. सर्व्हरनं तो आयडी किती काळ जपून ठेवायचा? स्ट्राइप या पेमेंट सेवेच्या कागदपत्रांत २४ तासांनंतर तो काढून टाकला जाऊ शकतो असं म्हटलंय. आम्हीही तेच करतोय. पुरेसं आहे का?

अनवट (धागाकर्ता)

निळीशाई, प्रश्न नेमका आहे. स्ट्राइपला विनंती करणारा बहुधा दुसरा सर्व्हर असतो, तो तासाभरात तरी जागा होतो. तुमच्याकडे विनंती करणारा फोन आहे. तुमच्या ॲपमध्ये ऑफलाइन रांग आहे का? असेल तर माणूस रेंज नसलेल्या भागात चार दिवस असू शकतो. रांगेतली पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, उत्तर हरवलं, फोन बंद झाला, आणि पाचव्या दिवशी तोच आयडी घेऊन ती परत आली. तोवर तुम्ही आयडी पुसलेला असेल तर नोंद दुहेरी होणार.

म्हणून आधी ॲपच्या बाजूनं ठरवा, की रांगेतली विनंती जास्तीत जास्त किती दिवस जिवंत ठेवायची. मग सर्व्हरवरची मुदत त्याहून मोठी ठेवा. फोनच्या घड्याळावर भरवसा नको, ते चुकलेलं असू शकतं. मुदत संपली की ॲपनं ती विनंती गुपचूप टाकून देऊ नये, माणसाला दाखवून विचारावं. माझी पसंती मात्र याहून सोप्या मार्गाला आहे. तो आयडी वेगळ्या तक्त्यात न ठेवता मूळ नोंदीचाच एक कॉलम करा. अर्ज जोवर आहे तोवर त्याचा आयडी आहे, मुदतीचा प्रश्नच उरत नाही. १६ बाइटचा कॉलम आणि त्यावरचा इंडेक्स, एवढाच काय तो खर्च.

आणखी एक. तोच आयडी पण आतला मजकूर वेगळा अशी विनंती आली, तर जुनं उत्तर परत देऊ नका, चक्क नाकारा. माणसानं लाल पट्टा पाहून फॉर्ममध्ये दुरुस्ती केली आणि ॲपनं जुनाच आयडी वापरला, तर हे होतं. जुनं उत्तर दिलंत तर त्याला वाटेल दुरुस्ती पोचली. फॉर्म बदलला की आधी त्या आयडीचं काय झालं ते सर्व्हरला विचारायचं. अर्ज पोचला असेल तर दुरुस्ती म्हणून पाठवायचं, नसेल तर जुना आयडी रद्द करून नवा घ्यायचा.

निळीशाई

मूळ नोंदीतच कॉलम, हे सुचलं नव्हतं. आमच्याकडे ऑफलाइन रांग आहे आणि ती सात दिवस ठेवतो. म्हणजे २४ तासांची मुदत अपुरीच. बॅकएंडच्या टीमला हा धागा पाठवते.